पोस्टमनची रेकॉर्ड कंपनी : जॉन प्राइन आणि ‘ओ बॉय’

१९८० साल संपत आलं तेव्हा जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराच्या नावावर सात अल्बम होते. चार अटलांटिक कंपनीचे, तीन असायलमचे. समीक्षक त्याच्यावर फिदा होते, बरोबरीचे गीतकार त्याला मानत होते, आणि विक्री मात्र कायम बेताची. फोक, म्हणजे तिकडचं लोकसंगीत, म्हणावं तर त्यात कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतल्या गाण्याचा बाज, कंट्री म्हणावं तर रेडिओवाल्यांना पटत नाही, असा हा माणूस. असायलमसाठीचा तिसरा अल्बम निघाला आणि तिथलं काम संपलं. अशा वेळी गायक तिसरी मोठी कंपनी शोधतो. चौतिशीतल्या प्राइननं ती शोधली नाही. १९८१ मध्ये त्यानं मॅनेजर अल बुनेटा आणि सहकारी डॅन आइनस्टाइन यांच्या साथीनं स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं ‘ओ बॉय रेकॉर्ड्‌स’. पहिलं उत्पादन काय, तर नाताळच्या गाण्यांची एक लाल रंगाची छोटी तबकडी.

ही गोष्ट सहसा बंडाची म्हणून सांगितली जाते : मोठ्या कंपन्यांना लाथ मारून कलावंत स्वतंत्र झाला, वगैरे. मला ती बंडापेक्षा हिशेबाची वाटते. तो हिशेब जमला, कारण त्याआधीच्या दहा वर्षांत काही गोष्टी जमून आल्या होत्या, आणि त्यातल्या काही चक्क त्या मोठ्या कंपन्यांच्याच खर्चानं.

माणूस

प्राइनचा जन्म १० ऑक्टोबर १९४६चा, शिकागोला लागून असलेल्या मेवूडचा. आईवडील मूळचे केंटकी राज्यातल्या म्युलेनबर्ग काउंटीतले. वडील कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवणारे कारागीर, कामगार संघटनेतले पक्के. घरात कंट्री संगीत. चौदाव्या वर्षी थोरल्या भावानं गिटार शिकवली. पुढे शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये थोडं शिक्षण, मग पोस्टात नोकरी, मग सक्तीची लष्करभरती. व्हिएतनामऐवजी पश्चिम जर्मनीत पाठवणी झाली आणि तिथं गाड्या दुरुस्त करत त्यानं मुदत काढली. परत आल्यावर पुन्हा पोस्टाची पिशवी खांद्यावर.

टपाल वाटताना डोक्याला काम नसतं, म्हणून गाणी रचत चालायचो, असं तो सांगायचा. त्या काळी शिकागोच्या उपनगरांत रस्त्याच्या कडेला मोठाल्या लोखंडी पेट्या असत. पोस्टमनची पुढच्या टप्प्याची पत्रं त्यात आणून ठेवलेली असायची. हिवाळ्यात तिथला वारा हाडं गोठवतो. प्राइन त्या पेटीत शिरून, दार ओढून घेऊन, आत बसून सँडविच खायचा. पहिल्या अल्बमच्या गाण्यांतली बरीचशी जुळणी याच फेऱ्यांमध्ये झाली. म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावरचं ‘हॅलो इन देअर’ हे गाणं लिहिणारा तेव्हा जेमतेम बाविशी-तेविशीतला होता. लहानपणी तो एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. तिथले काही जण शेजारच्यांना दाखवण्यापुरतं त्याला आपला नातू करून टाकायचे. गाण्यातली म्हातारी माणसं तिथून आलेली आहेत.

‘पॅराडाइज’ या गाण्याचं मूळ मात्र घरात आहे. पॅराडाइज हे म्युलेनबर्गमधलं ग्रीन नदीकाठचं खेडं, आईवडिलांच्या मुलखातलं. आजूबाजूची जमीन कोळशासाठी वरून खरवडली गेली, शेजारी वीज केंद्र उभं राहिलं आणि १९६७ मध्ये उरलंसुरलं गाव पाडलं गेलं. प्राइननं हे गाणं वडिलांसाठी केलं, त्यात पीबॉडी या कोळसा कंपनीचं नावही घातलं. रेकॉर्ड बाजारात येण्याआधी त्यानं वडिलांना टेप ऐकवली. गाणं सुरू झालं तसे वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) वाजतंय असं वाटावं म्हणून. १९७१च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांना रेकॉर्ड पाहायला मिळाली नाही.

नाव कसं झालं

१९६९ मध्ये शिकागोच्या ‘फिफ्थ पेग’ या छोट्या क्लबात कुणीही उठून गावं अशा रात्री असत. प्राइन प्रेक्षकांत बसून गाणाऱ्यांना नावं ठेवत होता. कुणीतरी म्हणालं, मग तूच गा की! तो उठला आणि गायला. त्यातून त्याला दर गुरुवारचं काम मिळालं. पुढच्या वर्षी ‘शिकागो सन-टाइम्स’चा चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट एका रात्री तिथे आला. प्राइनच्या म्हणण्याप्रमाणे ईबर्ट सिनेमा अर्धवट टाकून आला होता. पॉपकॉर्न फार खारट होतं आणि त्याला बिअर हवी होती. त्यानं सिनेमाचं परीक्षण बाजूला ठेवलं आणि गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं. दुसऱ्या आठवड्यापासून क्लबात जागा मिळेना.

पुढचा दुवा स्टीव्ह गुडमन. तोही शिकागोचाच गीतकार, प्राइनचा जिवलग. १९७१ मध्ये गुडमन नावाजलेला गीतकार-गायक क्रिस क्रिस्टॉफरसनच्या कार्यक्रमात त्याच्या आधी गात होता. क्रिस्टॉफरसननं त्याची तारीफ केली, तर हा म्हणाला, माझ्या मित्राला ऐका. आपली संधी अशी दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवणारी माणसं या धंद्यात कमीच. मंडळी उशिरा ‘अर्ल ऑफ ओल्ड टाउन’ या क्लबात पोचली. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून झाल्या होत्या, प्राइन एका कोपऱ्यात झोपला होता. त्याला उठवून गायला लावलं. क्रिस्टॉफरसननं सगळी गाणी ऐकली आणि तीच पुन्हा गायला सांगितली. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’ क्लबात त्यानं प्राइनला मंचावर ओढलं. समोर अटलांटिकचा जेरी वेक्सलर बसला होता. करार हातात पडायला एक दिवस पुरला.

कंपनीचं गणित

पहिला अल्बम १९७१चा. आरिफ मार्दिन निर्माता, बहुतेक ध्वनिमुद्रण मेम्फिसच्या नामांकित अमेरिकन साउंड स्टुडिओत. मुखपृष्ठावर प्राइनला गवताच्या गठ्ठ्यावर बसवलं. आयुष्यात कधी असल्या गठ्ठ्यावर बसलो नव्हतो, असं तो पुढे हसत सांगायचा. शिकागोच्या उपनगरातल्या पोस्टमनला कंपनीनं खेडवळ करून टाकलं, कारण दुकानात त्याची रेकॉर्ड कोणत्या फळीवर ठेवायची हे ठरवायला काहीतरी खूण हवी होती. या अल्बममधली पाच-सहा गाणी आज अमेरिकेत लोकगीतांसारखी गायली जातात. तेव्हा मात्र तो विक्रीच्या यादीत पहिल्या शंभरातही आला नाही.

रेकॉर्ड कंपनीचा व्यवहार आपल्याकडच्या उचलीसारखा असतो. तमाशाच्या फडात किंवा ऊसतोडीला जाताना हंगामाआधी रक्कम हातात पडते आणि मग ती फिटेपर्यंत राबायचं. इथे स्टुडिओचा खर्च आणि आगाऊ रक्कम कलावंताच्या रॉयल्टीतून वळती होते. ती फिटेपर्यंत त्याला त्या रेकॉर्डचा पैसा दिसत नाही, आणि फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, कंपनीचंच राहतं. विक्री बेताची असेल तर अशा सात अल्बमांनंतर गायकाकडे नाव उरतं, माल उरत नाही.

पण मास्टरवरचा हक्क वेगळा आणि गाण्याच्या शब्द-चालीवरचा हक्क वेगळा. दुसऱ्या कुणी ते गाणं गायलं, रेडिओवर वाजलं, की गीतकाराचा वाटा गीतकाराकडे येतो. त्याचा स्वतःचा अल्बम खपला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. प्राइनला तारलं ते या दुसऱ्या हक्कानं. बेट मिडलरनं १९७२ मध्ये ‘हॅलो इन देअर’ गायलं. जॉन डेन्व्हरनं ‘पॅराडाइज’ घेतलं. ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’ हे संसाराला कंटाळलेल्या प्रौढ बाईच्या तोंडचं गाणं बॉनी रेटनं १९७४ मध्ये गायलं, आणि ते तिचंच आहे असं आजही पुष्कळांना वाटतं. १९८३ मध्ये ब्रिटिश गीतकार रॉजर कुकबरोबर लिहिलेलं एक गाणं डॉन विल्यम्सच्या आवाजात कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या कंट्री रेडिओला प्राइनचा आवाज नको होता, तो त्याची गाणी वाजवत होता.

हा माणूस हक्कांच्या बाबतीत फार चाणाक्ष होता असं मात्र कुणी समजू नये. गुडमनबरोबर गंमत म्हणून लिहिलेल्या एका कंट्री विडंबनावर त्यानं आपलं नावच घालू दिलं नव्हतं. कंट्रीवाल्यांना राग येईल असं त्याला वाटलं. १९७५ मध्ये डेव्हिड अ‍ॅलन कोनं ते गायलं आणि ते तुफान चाललं. सगळं श्रेय आणि रॉयल्टी गुडमनकडे. गुडमननं त्या पैशातून प्राइनला एक जुना ज्यूकबॉक्स घेऊन दिला. व्यवहार म्हणून बघितलं तर मूर्खपणा, पण माणूस कसा होता ते यातून कळतं. कंपनीचा रोजचा हिशेब बुनेटा आणि आइनस्टाइन यांच्या हातात होता, हे बरंच झालं.

निर्णय आणि पहिली वर्षं

‘ओ बॉय’चा पहिला मोठा अल्बम येण्याआधी गुडमननं ‘रेड पजामाज’ नावानं स्वतःची कंपनी काढली होती, तिचा कारभारही बुनेटाच बघत होता. म्हणजे प्राइनसमोर कित्ता होता. कलावंताची गाणी, मॅनेजरचं ऑफिस, आणि पत्त्यांची यादी. एवढ्यावर रेकॉर्ड विकता येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नव्या कंपनीचा पहिला मोठा अल्बम ‘एमलेस लव्ह’ १९८४मध्ये आला. तो येणार हे कळल्यावर चाहत्यांनी आगाऊ चेक पाठवले आणि खर्च त्यातून निघाला, असं सांगितलं जातं. आज लोकवर्गणीतून अल्बम काढण्यात कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पोस्ट होतं. चाहत्यानं चेक लिहायचा, लिफाफ्यात घालायचा, मागून कधीतरी पार्सल यायची वाट पाहायची. ज्याच्या नावानं हे पैसे येत होते तो एकेकाळी अशीच पाकिटं दारोदार टाकत होता.

गणित साधं होतं. मोठ्या कंपनीत हजारो प्रती विकून हातात नाणी पडत. इथे तबकड्या छापायचा, बांधणीचा आणि टपालाचा खर्च वजा करून उरेल ते आपलं. त्यामुळे कमी विक्रीतही घर चालतं. शिवाय पुढचा अल्बम कधी, हे ठरवायला वर कुणी बसलेलं नाही. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला पैशापेक्षा जास्त वाटतं. प्राइन आळशी म्हणावा इतका सावकाश लिहिणारा होता. १९८६ नंतर पाच वर्षं त्याचा नव्या गाण्यांचा अल्बम नाही. मोठ्या कंपनीच्या करारात एवढी मोकळीक मिळणं कठीण.

याच सुमारास गुडमन गेला. कॉलेजच्या वयापासून रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होता; १९८४ च्या सप्टेंबरात, छत्तिसाव्या वर्षी संपला. त्याच्या आठवणीत झालेल्या कार्यक्रमाचा अल्बम ‘रेड पजामाज’नंच काढला आणि त्याला १९८७चं ग्रॅमी मिळालं. दोन खोल्यांच्या कारभारातून निघालेल्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळू शकतं, हे तिथे पहिल्यांदा सिद्ध झालं.

‘द मिसिंग इयर्स’

१९९१चा हा अल्बम ‘ओ बॉय’च्या प्रकरणातला सर्वांत मोठा डाव. निर्माता हाउई एपस्टाइन, रॉक गायक टॉम पेटीच्या वाद्यवृंदातला. त्याच्या ओळखीनं आणि प्राइनच्या पुण्याईनं स्प्रिंगस्टीन, पेटी, बॉनी रेट, फिल एव्हर्ली ही मंडळी मागे गायला उभी राहिली. प्राइनला पहिलं ग्रॅमी याच अल्बमनं दिलं, तेही समकालीन फोक विभागात. अटलांटिक आणि असायलमला दहा वर्षांत जे जमलं नाही ते त्याच्या स्वतःच्या छोट्या कंपनीतून झालं, असं म्हणायचा मोह होतो. पण ही नावं मदतीला आली ती १९७१च्या त्या अल्बममुळे. तो या सगळ्यांनी कधीतरी ऐकला होता, आणि तो त्यांच्या कानावर घातला होता अटलांटिकनं. नव्या गायकानं थेट स्वतःची कंपनी काढली असती तर त्याच्या मागे गायला कुणी आलं असतं का, याचं उत्तर या प्रकरणात मिळत नाही.

आवाज बदलला तेव्हा

१९९८ मध्ये मानेत कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत मानेचा तुकडा गेला, पुढे किरणोपचार. आवाज खोल आणि खरखरीत झाला. जुनी गाणी जुन्या सुरात गाता येईनात, म्हणून पट्टी खाली उतरवली. त्यानंतर प्राइनला आपला आवाज पहिल्यांदा आवडू लागला, असं तो म्हणायचा. खाली उतरवल्यावर पंचवीस-तीस वर्षं गायलेली गाणी त्याला नवी वाटू लागली. योगायोगानं त्याच वर्षी कुकबरोबरचं त्याचं आणखी एक गाणं जॉर्ज स्ट्रेटनं गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. गायक अंथरुणाला खिळलेला, आणि गीतकाराच्या नावानं रॉयल्टी येते आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यानं बायकांच्या आवाजांबरोबर जुन्या कंट्री युगुलगीतांचा अल्बम काढला. शीर्षकगीत तेवढं त्याचं स्वतःचं, गायिका आयरिस डिमेंटबरोबर गायलेलं. आजारानंतर नवं लिहिणं जड असताना दुसऱ्यांची गाणी गाऊन मंचावर परतायचं, ही वाट शहाणपणाची होती. २००० मध्ये आला ‘सूव्हेनिअर्स’. त्यात त्यानं अटलांटिक आणि असायलमच्या काळातली गाजलेली गाणी नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केली. श्रोत्याला यात बदललेला आवाज ऐकायला मिळतो. धंद्याच्या बाजूनं अर्थ असा, की त्याच गाण्याची दुसरी ध्वनिफीत तयार झाली आणि तिचं मास्टर ‘ओ बॉय’कडे राहिलं. जुनं मास्टर परत मिळत नसेल तर गाणं पुन्हा गायचं. हल्ली टेलर स्विफ्टमुळे ही युक्ती घरोघरी माहीत झाली आहे. प्राइनची आवृत्ती जास्त शांत होती, आणि तिच्यात कुणाशी भांडण नव्हतं.

२००५च्या अल्बमला दुसरं ग्रॅमी. त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तेव्हाचे राष्ट्रकवी टेड कूझर यांच्याबरोबर गाणी-गप्पांचा कार्यक्रम. त्यानंतर नव्या गाण्यांचा अल्बम यायला तेरा वर्षं लागली. मध्ये २०१३ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग, पुन्हा शस्त्रक्रिया.

घरचा कारभार

२०१५ मध्ये बुनेटा वारला. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या डोक्यात सगळे हिशेब होते तो माणूस गेला की अशा कंपन्या बहुधा मोठ्या कंपनीच्या पोटात जातात. इथे प्राइनची आयरिश बायको फिओना मॅनेजर झाली आणि मुलगा जोडी व्हेलन कंपनी बघू लागला.

दोघांचं पहिलं काम म्हणजे बाबांना लिहायला बसवणं. घरी तो बसेना. मग त्यांनी त्याला नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलात आठवडाभरासाठी खोली घेऊन दिली. तो गेला तो चार गिटारी आणि अर्धवट गाण्यांच्या कागदांनी भरलेली दहा खोकी घेऊन. आपल्याकडे परीक्षेआधी पोराला मामाकडे पाठवतात, त्यातलाच प्रकार. त्या खोलीतून बाहेर पडलेली गाणी डेव्ह कॉबनं ध्वनिमुद्रित केली. २०१८च्या एप्रिलमध्ये ‘द ट्री ऑफ फरगिव्हनेस’ आला आणि बिलबोर्ड साप्ताहिकाच्या मुख्य अल्बम-यादीत थेट पाचव्या क्रमांकावर उतरला. प्राइन तेव्हा ७१ वर्षांचा होता. इतक्या वर गेलेला त्याचा हा एकमेव अल्बम, आणि तो त्याच्या स्वतःच्या कंपनीचा.

पाचवा क्रमांक ऐकून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्ट्रीमिंगच्या काळात रेकॉर्ड आणि सीडी विकत घेणारा गिऱ्हाईक उरला होता तो नेमका प्राइनच्या वयाचा किंवा त्याच्या निष्ठेचा. तीस-पस्तीस वर्षं टपालानं जोडलेला हा वर्ग पहिल्याच आठवड्यात दुकानात गेला. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा असतो, पण गिऱ्हाइकाचा पत्ता नसतो.

या काळात कंपनीनं नव्या गायकांनाही हात दिला. केंटकीची केल्सी वॉल्डन २०१९ मध्ये आली, पाठोपाठ ट्रे बर्ट, आर्लो मॅकिन्ली. प्राइन असताना हे झालं नसतं तर ‘ओ बॉय’ ही एका माणसाची वखारच राहिली असती. तशी ती बरीच वर्षं होतीच. मधल्या काळात टॉड स्नायडर, क्रिस्टॉफरसन यांच्यासारख्यांचे अल्बम तिनं काढले, पण तंबू प्राइनच्याच खांबावर उभा होता.

‘पॅराडाइज’ची वाटचालही चालूच राहिली. २०१५ मध्ये पीबॉडीविरुद्धच्या एका दाव्यात फिर्यादींनी या गाण्याच्या ओळी अर्जात घातल्या. त्या काढून टाका, अशी मागणी कंपनीनं वायोमिंगच्या संघीय न्यायालयात केली. न्यायालयानं ती मान्य केली नाही.

२०१९च्या डिसेंबरमध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव जाहीर झाला. २०२०च्या मार्चमध्ये करोना झाला. ७ एप्रिलला नॅशव्हिलच्या रुग्णालयात, वयाच्या ७३व्या वर्षी, प्राइन गेला. त्यानं ध्वनिमुद्रित केलेलं शेवटचं गाणं ‘ओ बॉय’नं जूनमध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढच्या वर्षी त्याला दोन ग्रॅमी मिळाले.

त्याच २०२०च्या ऑक्टोबरमध्ये १९७१ ते १९८० मधले सातही अल्बम एका पेटीत घालून बाजारात आले. ती पेटी काढली ऱ्हायनोनं, म्हणजे अटलांटिकची मालकी असलेल्या वॉर्नर समूहातल्या कंपनीनं. १९८१ नंतरचं जवळपास सगळं नॅशव्हिलमध्ये, घरच्यांकडे आहे. ‘सॅम स्टोन’, ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’, ‘हॅलो इन देअर’ यांची पंचविशीतल्या पोस्टमनच्या आवाजातली मूळ ध्वनिमुद्रणं मात्र वॉर्नरच्या कपाटात, आणि ‘ओ बॉय’च्या मालकीच्या आहेत त्या या गाण्यांच्या नंतरच्या आवृत्त्या.